बांधापलीकडच्या म्हशी

माझ्या सासऱ्यांना रेड्याने उडवलं त्या सकाळी मी ओटीवर तांदूळ पाखडत होते. बांधाकडून दोघंजण धावत आले आणि अंगणातूनच ओरडले, "म्हाताऱ्याला टाकला! रेड्यानं टाकला!" सासूबाईंनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पदर खोचला आणि त्या निघाल्या. मी सूप तसंच टाकून त्यांच्या मागे गेले.

सासरे बांधाच्या उतारावर बसलेले होते. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. चेहरा पांढरा, पण तोंड चालू. "माती बग," ते सासूबाईंना म्हणाले, "सगळी माती उखडली मेल्यानं. आताच घातलेली माती."

"तुमचा पाय बगा आदी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. हाडं बसवणारा वैदू आला, नडगीला बांबूच्या पट्ट्या बांधून गेला, आणि पावसाळ्यापर्यंत उठायचं नाही असं बजावून गेला. सासऱ्यांना पायाच्या दुखण्यापेक्षा हे बजावणंच जास्त लागलं.

त्याचं कारण सांगायला हवं. आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि दोहोंच्या मधे मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या आतल्या जमिनीला आम्ही खार म्हणायचो. भरतीचं पाणी बांधाबाहेर थोपायचं म्हणून आत भात पिकायचा. एकदा खारं पाणी आत शिरलं की जमीन मिठाने पांढरी पडायची आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे गवतसुद्धा नीट उगवायचं नाही. म्हणून गावात देवळाखालोखाल मान बांधाला होता, आणि बांधाची देखरेख सासऱ्यांकडे होती. भात कापून झाला की पावसापर्यंत ते रोज सकाळी बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. कुठे खेकड्यांनी बीळ केलंय, कुठे माती खचलीय, हे त्यांना पायाला कळायचं.

बांधाच्या बाहेर तिवरांचं रान होतं. चिखलात उभी असलेली ती झाडं भरतीला कमरेपर्यंत पाण्यात जायची. त्या रानात म्हशी राहायच्या. त्या कुणी पाळलेल्या नव्हत्या. लढाईच्या काळात पेंड मिळेना, वैरण मिळेना, तेव्हा लोकांनी आपल्या भाकड म्हशी खाजणात, म्हणजे या चिखलरानात, सोडून दिल्या होत्या. काही उधाणाच्या वेळी दावं तोडून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. तिवराचा पाला खाऊन त्या जगल्या, तिथेच त्यांना रेडकं झाली, आणि ती रेडकं माणसाचा हात अंगाला न लागता मोठी झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन पावसाळे झाले होते, आणि म्हशी गावाला पुऱ्या त्रासदायक झालेल्या होत्या. बांध चढून आत यायच्या. त्यांच्या खुरांनी माती ढासळायची. आदल्या वर्षी एका ठिकाणी बांध फुटलाच होता, आणि त्या बाजूची चार घरांची खाचरं अजून पांढरी होती.

आता तर रेड्याने माणूस पाडला. संध्याकाळी आमच्या अंगणात गाव जमलं आणि सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की बंदूकवाला बोलवा.

पनवेलला लाकडाची वखार असलेले एक गृहस्थ होते. डुकरं मारण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती आणि गावोगावचे लोक त्यांना चाचा म्हणायचे. दोन दिवसांनी ते सायकलवरून आले. मला वाटलं होतं, शिकारी म्हणजे कुणीतरी दांडगा, मिशाळ माणूस असेल. हे बारीक, चष्मा लावलेले, वयाने सासऱ्यांच्याच बरोबरीचे. बंदूक आणलीच नव्हती.

"बंदूक कुठं हाय?" सासऱ्यांनी बाजेवरूनच विचारलं.

"घरी आहे. आज तिचं काम नाही." चाचा बाजेपाशी पाटावर बसले. "मला सांगा, म्हशी किती आहेत?"

"पन्नास!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. "कसल्या पन्नास, इसाच्या वर नाय," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने दोन कळप असल्याचं सांगितलं. रेडे किती यावरून तर भांडणच लागलं.

चाचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "बरं. कोणाच्या आहेत?"

ओरडणारे एकेक करून मागे सरकले.

"बांध कुठून चढतात? पाणी कुठे पितात? खाडीचं तर पीत नसतील. आणि मुख्य गोष्ट, त्या तिवरात तुमची माणसं कोण जातात, कधी जातात?"

सासऱ्यांचा धीर सुटला. "चाचा, तुमाला शिकारीला बोलावला का चौकशीला?"

"भाऊ, माझं ऐका," चाचा शांतपणे म्हणाले. "तिवरात दहा हातांवरचं दिसत नाही. पाला हलला म्हणून गोळी टाकणारे शिकारी मी पाहिलेत, आणि त्यांनी पाडलेली माणसं उचलायलाही गेलोय. तुमच्या बायका सरपण आणायला आत जातात. मला तसल्ली झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. दुसरं असं, की एक रेडा मारला आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तर पुढच्या साली दुसरा रेडा उभा राहील. मग परत मला बोलवाल. मला काय, मी येईन. पण तुमचा बांध राहील का?"

सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बांधाचं नाव काढल्यावर त्यांचा हट्ट संपला.

मग प्रश्न आला की चौकशी करणार कोण. पुरुष माणसं त्या दिवसांत मिठागरावर नाहीतर होडीवर. माझे यजमान मुंबईला गोदीत होते आणि सणावारालाच घरी यायचे. तिवरात रोजची ये-जा होती ती बायकांची. सरपणाला, चिंबोऱ्या नि चिखलातले निवटे मासे धरायला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आन माजी सून बगतो."

"घाबरणार नाहीस ना बेटी?" चाचांनी मला विचारलं.

मी घाबरत होते. पण सासूबाईंनी माझ्या वतीने आधीच "नाय" म्हणून टाकलं.

जाताना चाचांनी एवढंच सांगितलं, की म्हशींच्या मागे धावायचं नाही, त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि दिसलं तेवढंच सांगायचं. "ऐकलेलं वेगळं सांग, पाहिलेलं वेगळं सांग. दोन्ही लागेल मला."

माझं माहेर मिठागरावरचं. भरती-ओहोटी मला तिथी न बघताही कळायची, पण तिवराच्या आत मी फारशी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही सासू-सुना आणखी चार बायकांबरोबर बांध उतरलो. मी खाली बघत चालले होते. चिखलात खुरांचे ठसे होते, पण जिकडेतिकडे नव्हते. मला वाटलं होतं, सगळं रान तुडवलेलं असेल. तसं नव्हतं. म्हशींची एक ठरलेली वाट होती, बैलगाडीच्या चाकोरीसारखी खोल गेलेली. दोन्ही बाजूंच्या तिवरांच्या खोडांना अंग घासून घासून चिखलाचे पट्टे चढले होते. ती वाट सरळ बांधाकडे जात होती, आणि बांधावर एकाच जागी चढत होती.

मी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी उखडलेल्या मातीवर पाय ठेवला. "म्हातारा हितंच पडला," त्या म्हणाल्या.

खरंच. सासरे त्यांच्या वाटेवरच उभे होते. रेडा त्यांच्या अंगावर धावून आला असं गाव म्हणत होतं, पण ते माती घालायला नेमके तिथे वाकले होते जिथून रेड्याला जायचं होतं.

मग मी बांधाच्या आतल्या बाजूला उतरून वाट कुठे जाते ते पाहिलं. खाचरांतून सरळ जाऊन ती गोड्या पाण्याच्या डबऱ्याशी संपत होती. डबरा म्हणजे खारीच्या कोपऱ्यातला मोठा खड्डा. पावसाचं पाणी तिथे साठायचं आणि खालून थोडा पाझर असल्यामुळे वैशाखातही तळाला पाणी राहायचं. काठावर शेणाचे पो पडलेले होते, काही वाळलेले, काही ओले. भाताची खाचरं तर कापून रिकामी पडली होती. म्हणजे म्हशी खायला येत नव्हत्या. पाण्याला येत होत्या.

पण मग त्यांचं हे बांध चढणं गेल्या दोन वर्षांतच का सुरू झालं? त्याआधी त्या काय पीत होत्या? सासूबाईंना ठाऊक नव्हतं. बरोबरच्या बायकांनाही नव्हतं. त्याचा उलगडा माझ्या माहेरी झाला. होळीला मी दोन दिवस गेले होते. वडील जेवताना मी सहज विषय काढला तर ते म्हणाले, "अगो, टेकाडाच्या पायथ्याला झरा होता ना. तितंच पीत होत्या त्या. मिठागराचा नवा भाग काढला त्यात गेला झरा. आता त्याच्यावर मीठ पिकतंय."

त्या नव्या मिठागरावर ते स्वतः कामाला होते. त्यांच्या बोलण्यात ना खंत होती ना काही. झरा होता, आता नाही. मी भाताचा घास हातात घेऊन बसून राहिले. आई म्हणाली, "जेव गो, गार होतंय."

म्हशी प्रत्यक्ष दिसल्या त्या होळीनंतर. तोवर आम्ही त्यांची वेळ ओळखली होती. उन्हं तापायच्या आधी, ओहोटी लागली की त्या निघायच्या. सासूबाई आणि मी उघाडीच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसलो. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायचं बांधातलं दार. तिथून ती वाट चांगली दिसायची आणि कट्टा उंच असल्याने धोका नव्हता.

आधी एक म्हातारी म्हैस आली. हाडं वर आलेली, एक कान अर्धा कापलेला. तिने बांधाखाली थांबून हवा हुंगली. मग वर चढली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. मोठ्या नऊ, मागे चार रेडकं. एवढ्याच. पन्नास नव्हेत, वीसही नव्हेत. गावाच्या भीतीने त्या वाढवल्या होत्या. सगळ्यात शेवटी रेडा आला. काळा कुळकुळीत, अंगावरचा चिखल वाळून भेगाळलेला, शिंगं मागे वळून मानेला टेकलेली. तो बांधावर चढून थांबला आणि आमच्याकडे पाहू लागला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. कळप पाणी पिऊन परत वळेपर्यंत रेडा तिथेच उभा होता. मग सगळ्या उतरल्यावर तो एकटा डबऱ्याकडे गेला.

"राखण करतंय," सासूबाई हळूच म्हणाल्या.

मला त्या वेळी तो रेडा आवडला. हे मी घरात बोलले नाही. ज्या घरात त्याच्यामुळे माणूस बाजेवर पडलं होतं तिथे हे कसं बोलणार? पण रोज बघून बघून मला तो ओळखीचा झाला. तो तिवरात परत जाताना कळपाच्या वाटेने जात नसे. उघड्या चिखलाच्या पट्ट्यावरून, पाण्याच्या कडेकडेने एकटा जायचा. का, ते मला कधी समजलं नाही.

राहिला प्रश्न मालकीचा. त्या अर्ध्या कानाच्या म्हशीवरून सासूबाईंना काहीतरी आठवलं. करंजाड्याच्या बाजूच्या एका माणसाची म्हैस, कुत्र्याने कान तोडलेली. आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. तो सुपारी कातरत बसला होता.

"तुमची म्हैस खाजणात हाय," सासूबाईंनी सरळ सुरुवात केली.

"माजी? माजी नाय." त्याने मान वर केली नाही. बांध फुटल्याचं त्याच्या कानावर गेलेलं होतंच.

"कान कापलेली."

"कान कुनाच्याबी म्हशीचा कापंल."

"मंग ती तुमची नाय?"

"नाय म्हन्लं ना."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं आमच्या देवळाम्होरं येऊन चार मान्सांत सांगा. उंद्या बंदूकवाला आला आन ती मेली तं तुमी म्हनाल, माजी होती."

तो पेचात सापडला. माझी म्हटलं तर बांधाची भरपाई गळ्यात, नाही म्हटलं तर म्हैस गेली. अख्खी सुपारी कातरून झाल्यावर तो म्हणाला, "येतो." आणि खरंच आला, देवळासमोर उभा राहून म्हैस आपली नसल्याचं सांगून गेला. परत येताना सासूबाई एवढ्या हसत होत्या की त्यांना रस्त्यात बसावं लागलं. नवरा पडल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

चाचा पुढच्या वेळी आले तेव्हा मी सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने बांध काढून दाखवला. ही उघाडी, हा डबरा, ही वाट. इथे मिठागर, इथे पूर्वीचा झरा. किती म्हशी, कधी येतात, कोण पुढे, कोण मागे. बायका सरपणाला कोणत्या बाजूने शिरतात. जे पाहिलं ते आणि जे वडिलांकडून ऐकलं ते, वेगवेगळं. चाचा उकिडवे बसून बघत होते. मधे एकदोनदा त्यांनी विचारलं, "हे नक्की?" आणि मी एका ठिकाणी म्हणाले, "हे नक्की नाही." तेव्हा ते म्हणाले, "बहुत अच्छा."

सासरे बाजेवरून कोपरावर उठून तो नकाशा पाहत होते. मला वाटलं होतं, त्यांना राग येईल.

"म्हंजे मी तेंच्या वाटंत होतो," ते म्हणाले.

चाचांनी पिठाच्या रेघांत डबऱ्यावर बोट ठेवलं.

"आता बघा," चाचा म्हणाले, "पाणी एकच. वाट एकच. बंदुकीपेक्षा कुंपण सोपं. डबऱ्याभोवती मेढी ठोका, एक दार ठेवा, ते उघडं राहू द्या. त्यांना सवय होऊ द्या. एके दिवशी त्या आत असताना दोर सोडून दार खाली पाडा."

"शत्रूला बांधाच्या आत बोलवायचा?" सासरे उसळले. "पानी दावून?"

"ते आत येतातच आहेत, भाऊ. आपण फक्त परत जाऊ द्यायचं नाही."

संध्याकाळी मी त्यांना पेज द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाय, डबऱ्याकडची जमीन भुसभुशीत हाय. सरळ मेढ ठोकली तं रेडा एका धक्क्यात पाडंल. मेढ आतल्या बाजूला कलती ठोकायची, बाहेरनं टेकू द्यायचा. त्यांना सांग." मग ते रोजच सांगू लागले. मेढी कसल्या लाकडाच्या, किती खोल, दाराचा दोर कुठून न्यायचा. चाचांनी वखारीतून जुनी लाकडं पाठवली. गावातले पुरुष मिठागरावरून आल्यावर उजेड असेपर्यंत खपत होते, आणि कामाचा प्रत्येक टप्पा आमच्या ओटीवरून, बाजेवर पडलेल्या माणसाला विचारून होत होता.

पहिले काही दिवस म्हशी नव्या लाकडांना बुजल्या. बांधावर येऊन परत गेल्या. गावात कुरकुर सुरू झाली, कारण त्यांना कुणी बुजवू नये म्हणून त्या बाजूचं सरपण बंद केलं होतं. बायका माझ्यावर चिडल्या. एक तर म्हणाली, "तुज्या म्हशींपायी आमी चुली इझवाव्या काय?" पण ऊन वाढत गेलं. एका सकाळी ती अर्ध्या कानाची म्हातारी दारातून आत गेली. तिला कधीतरी गोठा माहीत होता, त्यामुळे असेल. तिच्या मागे बाकीच्या गेल्या.

रेडा मात्र बाहेरच उभा राहिला. त्याची सवयच ती. बाकीच्यांचं होईपर्यंत तो आत जात नसे. आम्ही पुष्कळ दिवस वाट पाहिली. पण कळप बाहेर पडल्यावरच तो आत जायचा, म्हणजे कळप आणि रेडा एकदम कधीच सापडेनात. अखेर चाचा म्हणाले, "आधी कळप घेऊ."

दार पडलं त्या सकाळी मी उघाडीवर होते. दोर सोडल्याबरोबर लाकडांचा मोठा आवाज झाला आणि आत धूळ, हंबरणं, अंगं आदळण्याचे धप्प धप्प आवाज. मेढी हलल्या, पण कलत्या होत्या म्हणून उभ्या राहिल्या. रेडकं आयांच्या पोटाखाली शिरली. ती म्हातारी म्हैस काही वेळाने शांत झाली आणि पाण्यात जाऊन बसली. मग हळूहळू बाकीच्याही.

रेडा बाहेरून कुंपणावर आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दोन मेढी मोडल्या. पुरुषांनी डबे वाजवले, पेटते पलिते दाखवले, तेव्हा तो बांध चढून गेला. पण दुपारी परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळीही आला आणि कुंपणाला टेकू द्यायला गेलेल्या एकाला त्याने खाचरातून पळवत नेलं. तो माणूस वाचला तो बाभळीवर चढून.

चाचांनी बंदूक आणली. मला ओटीवर बोलावून घेतलं.

"बेटी, तो जातो कुठून?"

मला माहीत होतं. गावात आणखी कुणालाच माहीत नव्हतं. मी क्षणभर सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्या नुसत्या म्हणाल्या, "सांग, बाय."

"उघड्या चिखलावरून," मी म्हणाले. "ओहोटी लागल्यावर, पाण्याच्या कडेने. तिवरात शिरायच्या आधी तो बराच वेळ मोकळ्यात असतो."

"तिकडे कोणी माणूस?"

"नाही. तिथे पाय रुततात, कोणी जात नाही."

तरी त्यांनी घराघरात विचारून घेतलं, सगळ्या बायका गावात आहेत ना. होडीवाल्यांना निरोप गेला. मग ते एकटे बांधावरून गेले.

मी गेले नाही. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या, मी त्यांना पीठ मळून देत होते. बार एकच झाला. खाडीवरचे बगळे उठून आमच्या घरावरून गेले. बाजेवरून सासऱ्यांनी विचारलं, "पडला?" आम्हाला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने चाचा आले, बंदूक भिंतीला टेकवून पाणी मागितलं. "एका गोळीत गेला," ते म्हणाले. "तडफडला नाही."

सासरे आढ्याकडे बघत होते. इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या तो मेला होता. मग म्हणाले, "कळप सोडून गेला नाय तो." माझ्या हाताला पीठ होतं. मी मागच्या दारी जाऊन उगाचच घडाभर पाण्याने हात धूत राहिले. मी न सांगते तर? तर कुणीतरी माणूस मेला असता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण त्याची ती एकट्याने जायची वाट मी सांगितली होती, आणि ते सांगताना मला वाईट वाटलं होतं, एवढं खरं.

म्हशींचं पुढे ठीक झालं. तरण्या म्हशी पनवेलचे गवळी घेऊन गेले. त्या माणसाळवायला गवळ्यांना बरेच महिने लागले म्हणे. आलेल्या पैशांतून बांधाच्या त्या भागाला दगडांचं अस्तर झालं. आणि सासऱ्यांच्या सांगण्यावरून बांधाच्या बाहेर, तिवराच्या कडेला, भरती पोचत नाही अशा जागी गोड्या पाण्याचा एक उथळ खड्डा खणून घेतला. कुणीतरी विचारलं, आता कशाला, म्हशी तर गेल्या. ते म्हणाले, "कोल्हं हायत, डुकरं हायत. तहान काय म्हशींनाच लागते?"

अर्ध्या कानाची म्हातारी कुणी घेतली नाही. ती सासूबाईंनी आमच्या गोठ्यात आणून बांधली. तिचा पूर्वीचा मालक महिनाभराने चौकशीला आला, म्हैस कशी आहे, खाते का, वगैरे. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "कुनाची म्हैस?" त्याने चहा संपवला आणि गेला.

सासरे मृगाच्या आधी काठी घेऊन उभे राहिले. बांधावर परत चालू लागले ते लंगडतच, पण आता माणसांना विचारायची सवय त्यांना लागली होती. चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांना थांबवून विचारायचे, आज काय दिसलं, कुठे दिसलं.

पुढचं भात कापणीला आलं तेव्हा कळंबोलीकडची दोन माणसं आमच्या दारात आली. त्यांच्या भातात डुकरं पडली होती. ते पनवेलला चाचांकडे गेले होते, पण चाचांनी बंदूक काढायच्या आधी त्यांना इकडे पाठवलं होतं.

"बंदूकवाले म्हन्ले, पयली ती सून घेऊन जा," त्यातला एक संकोचून म्हणाला. "किती हायत, कुठनं येतात, ते ती बगंल."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई गोठ्याच्या दारात शेणाने भरलेले हात घेऊन उभ्या होत्या.

"एकटी नाय पाठवनार," त्या म्हणाल्या. "मी पन येते. हात धुऊन येते, थांबा."